घराचं काम चालू असताना मांजर-कुत्रा दर टप्प्याला नव्याने बिथरतात, त्यावर काय करायचं

घराचं रिनोव्हेशन काढलं आणि तिथेच राहायचं ठरवलं की प्राण्यांच्या बाबतीत एकच गोष्ट परत परत होते. तोडफोड सुरू झाली की मांजर पलंगाखाली जाऊन बसतं, कुत्रा दाराशी येरझाऱ्या घालतो, खाणं कमी होतं, मग काही दिवसांत सगळे जरा सरावतात, ताटली रिकामी व्हायला लागते आणि आपल्यालाही हायसं वाटतं. आणि नेमकं तेव्हाच टाइल्सचं कटिंग सुरू होतं किंवा पेंटर येतात आणि परत पहिल्यापासून सगळं. "आता तर सवय झाली होती ना, मग परत काय झालं?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की एकदाच सविस्तर लिहून टाकते.

होतं असं की त्यांना सवय झालेली असते ती ब्रेकरच्या, म्हणजे भिंत-फरशी फोडायच्या मशीनच्या आवाजाची. आपल्या डोक्यात ते एकच काम असतं, सुरू झालं, चालू आहे, एक दिवस संपणार, पण त्यांना हे माहीतच नसतं, त्यांच्यावर एकापाठोपाठ एक वेगवेगळी संकटं येत असतात. तोडफोडीत आवाज आणि हादरे, प्लंबिंग-वायरिंगमध्ये उघडी पडलेली भोकं आणि सतत आत-बाहेर करणारी अनोळखी माणसं, सिमेंट-टाइल्सच्या वेळी धूळ आणि ओला माल, रंगाच्या वेळी वास, आणि शेवटी ज्याला स्वतःचा वास अजिबात उरलेला नाही असं नवंकोरं घर. एका संकटाची सवय दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. त्यात आपण काय करतो, तर आज जी खोली रिकामी असेल तिकडे त्यांना हलवतो, उद्या तिथे काम निघालं की दुसरीकडे. म्हणजे त्रास बदलतोच आणि त्यापासून लपायची जागाही बदलते. माझ्या मते दर टप्प्याला त्रास परत उफाळून येण्याचं सगळ्यात मोठं कारण हे दुसरं आहे, आणि आपल्या हातात असणारंही तेच आहे.

म्हणून कुठलाही उपाय करायच्या आधी एक कागद घ्या आणि त्यांच्या खोलीच्या दारावर चिकटवा. रोज तीनच गोष्टी लिहायच्या, आज घरात काय काम झालं, किती खाल्लं, सू-शी कुठे आणि किती. आठवडाभरात तुम्हालाच दिसेल की ग्राइंडर चालला त्या दिवशी कुत्रा जेवला नाही किंवा माणसं पॅसेजमध्ये बसली त्या दिवशी मांजराने लिटर बॉक्स (सू-शी करायचा वाळूचा डबा) टाळला. आणि डॉक्टरांकडे न्यायची वेळ आलीच तर हा कागद सोन्यासारखा उपयोगी पडतो.

आधी आजार नाही ना ते बघा

हे मी मुद्दाम सगळ्यात वर लिहितेय कारण "कामामुळे घाबरलंय, होईल ठीक" म्हणून थांबण्यात खरा धोका आहे.

मांजराला टेन्शन आलं की त्याचा थेट परिणाम मूत्राशयावर होऊ शकतो, इन्फेक्शन नसतानाही सूज येते, सारखं सारखं बॉक्समध्ये जाणं, थोडी थोडी लघवी, कधी रक्ताचा अंश. मादीमध्ये हे त्रासदायक असतं पण बोक्यामध्ये मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळे तो पूर्ण बंद होऊ शकतो. बोका बॉक्समध्ये बसतोय, जोर करतोय, कण्हतोय, बाहेर येऊन खाली चाटतोय, परत आत जातोय आणि वाळू मात्र कोरडीच, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असलं तरी लगेच डॉक्टर. एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. लोकांना हे बद्धकोष्ठासारखं वाटतं आणि तिथेच वेळ जातो, म्हणून वाळूत गोळे होतायत की नाही हे कामाच्या दिवसांत रोज स्वतः बघा, "केली असेल" असं धरून चालू नका.

खाण्याचंही तसंच. कुत्र्याने एखादं जेवण सोडलं तर लगेच घाबरायचं कारण नसतं, पण मांजराने पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करायचाच, कारण दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, त्यातही जाड मांजराच्या, लिव्हरमध्ये चरबी साठायला लागते आणि ते प्रकरण गंभीर होतं. ससा आणि गिनीपिग यांना तर तेवढाही वेळ नसतो, त्यांचं आतडं सतत चालू राहावं लागतं, अर्धा दिवस खाणं नाही आणि लेंड्या नाहीत म्हणजे इमर्जन्सीच समजा.

एक खोली ठरवा आणि ती शेवटपर्यंत हलवू नका

कॉन्ट्रॅक्टरशी पहिलं बोलणं होतं ना, तेव्हाच हे ठरवून घ्यायचं. घरातली एक खोली अशी पाहिजे की तिचं काम एकतर सगळ्यात आधी पूर्ण होईल किंवा सगळ्यात शेवटी होईल, मध्ये कुठेही नाही. कॉन्ट्रॅक्टरला सगळ्या खोल्यांचं वायरिंग एका दमात उरकायचं असतं, त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे, पण आधी सांगितलं तर तो क्रम बदलू शकतो, काम सुरू झाल्यावर सांगितलं तर नाही. ही एकच गोष्ट जमली तर निम्मा त्रास तिथेच संपतो असं माझं ठाम मत आहे.

खोली निवडताना बाथरूम शक्यतो नको. लोक बाथरूम निवडतात कारण दार नीट लागतं आणि साफ करायला सोपं, पण टाइल्समुळे तिथे आवाज घुमतो आणि पाइपांमधून हादरे थेट आत येतात. बेडरूम, ज्यात गादी आहे, पडदे आहेत, कपड्यांचं कपाट आहे, ती बरी, मऊ सामान आवाज खातं. आणि तुमचा वास तिथे आधीपासून असतो.

आत काय पाहिजे ते मांजराचं आधी सांगते. लपायला एक खोका, पण त्याला दोन भोकं हवीत, एकच तोंड असलेल्या खोक्यात त्याला कोंडल्यासारखं वाटतं. एक उंच जागा, कपाटावर किंवा टेबलावर, कारण घाबरलेलं मांजर एकतर खाली जातं नाहीतर वर. लिटर बॉक्स एका कोपऱ्यात आणि खाणं-पाणी त्याच्या समोरच्या कोपऱ्यात, शेजारी शेजारी नाही. कुत्र्यासाठी त्याचं जुनं अंथरूण, न धुतलेलं, आणि क्रेटची (त्याच्या झोपायच्या पिंजऱ्याची) सवय असेल तर दार उघडं ठेवलेला क्रेट, ज्यावर तीन बाजूंनी चादर टाकलीय. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल गुंडाळून लावा, धूळ तिथूनच सगळ्यात जास्त येते. पंखा किंवा एखादा एकसुरी आवाज चालू ठेवला तर बाहेरचे अचानक येणारे आवाज थोडे बुजतात, पण ब्रेकरवर मात करायला टीव्ही मोठ्याने लावू नका, त्याने गोंगाटच वाढतो.

त्या खोलीत कामाची माणसं जाणार नाहीत, सामान ठेवायलासुद्धा नाही. "फक्त दोन मिनिटं सिमेंटच्या गोण्या ठेवतो" याला तेवढ्याच प्रेमाने नाही म्हणायचं.

मांजर बॉक्स सोडून दुसरीकडे करतंय

डॉक्टरांनी तपासलं, लघवी ठीक आहे, तरी सोफ्यावर किंवा दाराच्या पायपुसण्यावर करतंय. मग बॉक्सपर्यंत जाणारा रस्ता बघा. बॉक्स तिथेच आहे पण तिथे पोचायला त्याला चार अनोळखी पायांमधून जावं लागतंय, किंवा बॉक्समध्ये बसलेलं असताना एकदा भिंतीपलीकडे ड्रिल सुरू झालं आणि आता ती जागाच धोक्याची वाटतेय. खाली वाकून, मांजराच्या उंचीवरून तो रस्ता एकदा बघाच, आपल्याला न दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी दिसतात, प्लॅस्टिकची फडफडणारी शीट, सांडलेला चुना, उघडी वायर.

बॉक्स हलवायचा असेल तर हलवू नका, वाढवा. नवीन जागी दुसरा ठेवा, जुना तसाच राहू द्या, नवीन वापरायला लागलं की मग जुना काढा. एरवीही जितकी मांजरं त्याहून एक जास्त बॉक्स हा हिशेब चांगला, कामाच्या दिवसांत तर नक्कीच. वाळूचा ब्रँड या काळात बदलू नका. आणि बॉक्सवर रोज पावडरसारखी धूळ बसत असेल तर वरचा थर काढत राहा, सिमेंटची धूळ पंजांना चावते आणि मांजर बॉक्सला दोष देतं.

एक गोष्ट खूप जणांच्या लक्षात येत नाही. बांधकामाची रेती. बाल्कनीत किंवा दाराशी रेतीचा ढीग पडलेला असतो आणि मांजराच्या दृष्टीने ते जगातलं सगळ्यात मोठं लिटर बॉक्स असतं, एकदा तिथे केलं की ते रोज तिथेच जाणार आणि तिथे जाण्यासाठी उघड्या दाराकडे धावणार. ढिगावर ताडपत्री टाकून कडांवर विटा ठेवल्या की प्रश्न मिटतो.

जिथे केलंय ती जागा साफ करताना अमोनियाचं क्लीनर वापरू नका, मांजराला तो वास लघवीसारखाच वाटतो आणि ते परत तिथेच येतं. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते लावून सांगितलेला पूर्ण वेळ ओलं ठेवायचं, लगेच पुसून घेतलं तर त्याचं काम होत नाही. ओरडणं, केलेल्या जागी त्याचं नाक घासणं वगैरे अजिबात नाही, घाबरलेल्या जिवाला अजून घाबरवून बॉक्सचा प्रश्न आजवर कोणाचाच सुटलेला नाही.

कुत्रा दिवसभर भुंकतो, थरथरतो, रात्री झोपत नाही

माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला ४५ च्या आसपास आणि मांजराला ६४ पर्यंत. म्हणजे कटर आणि ग्राइंडरच्या किंचाळण्याचा जो भाग आपल्या कानांपर्यंत येतच नाही तोसुद्धा ते ऐकतायत. म्हणून "एवढा काही आवाज नाहीये" हे आपल्या कानांनी ठरवू नका. त्याच्याकडे बघा. विनाकारण जांभया, ओठ चाटणं, गरम होत नसताना धापा टाकणं, शेपूट आत, कान मागे, एका जागी न बसणं, ही सगळी भुंकण्याच्या कितीतरी आधीची लक्षणं आहेत.

रात्रीच्या अस्वस्थपणाचं कारण बऱ्याचदा दिवसा असतं. मोठा कुत्रा दिवस-रात्र मिळून बारा-चौदा तास झोपतो आणि त्यातली बरीचशी झोप दुपारची असते. कामाच्या दिवसांत ती झोप पूर्ण जाते आणि संध्याकाळपर्यंत तो अतिदमलेल्या लहान मुलासारखा चिडचिडा होतो. लोक म्हणतात त्याला अजून पळवा, दमवा, पण तो दमलेलाच आहे, त्याला झोप पाहिजे. म्हणून रोज संध्याकाळी मिस्त्रींना एकच प्रश्न विचारा, "दादा, उद्या सगळ्यात जास्त आवाजाचं काम किती वाजता?" ते सांगतात, त्यांना माहीत असतं. त्या दोन-तीन तासांत कुत्र्याला बाहेर न्या, ओळखीच्या कोणाकडे ठेवा, गाडीत बसवून तुम्ही सोबत बसा (एकट्याला बंद गाडीत कधीच नाही), आणि तिथे त्याला झोपू द्या. सकाळचं फिरणं माणसं यायच्या आधी झालं पाहिजे, कारण एकदा ब्रेकर सुरू झाला की घाबरलेला कुत्रा सू रोखून धरतो.

काम सुरू व्हायला अजून वेळ असेल तर ड्रिलचा, हातोड्याचा रेकॉर्ड केलेला आवाज अगदी हळू लावायचा, इतका हळू की त्याने फक्त कान हलवावा, आणि तेव्हाच आवडीचा खाऊ द्यायचा. तो आरामात खातोय असं दिसलं तर पुढच्या वेळी किंचित मोठा. खाणं थांबवलं तर तुम्ही घाई केलीत, मागे या. आणि हे टप्प्याटप्प्यानेच करायचं, म्हणजे तोडफोड चालू असतानाच शांत संध्याकाळी टाइल कटरचा आवाज हळू लावायला सुरुवात करा, पुढच्या टप्प्याची तयारी आधीच्या टप्प्यात. दर वेळी नव्याने बिथरण्यावर हा सगळ्यात सरळ उपाय आहे आणि फार कमी लोक करतात.

घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर तो अजून घाबरट होतो असं अजूनही सांगितलं जातं, त्याकडे लक्ष देऊ नका. भीती ही भावना आहे, बक्षीस मिळालं म्हणून ती वाढत नाही. तो जवळ आला तर घ्या जवळ, त्याला लपायचं असेल तर लपू द्या, ओढून बाहेर काढू नका. चाटायला आणि चावायला काहीतरी द्या, त्याने त्यांना खरंच शांत वाटतं.

औषधांबद्दल एवढंच, आवाजाची भीती कमी करणारी चांगली औषधं आहेत आणि भीती जास्त असेल तर ती मागायला संकोच करू नका, पण डॉक्टरांनी दिलेलीच, आणि पहिला डोस शांत दिवशी देऊन बघा म्हणजे त्याला कसं सोसतं ते कळेल. एसेप्रोमाझिनसारखं जुनं गुंगीचं औषध एकटंच दिलं तर शरीर सुस्त होतं पण भीती आत तशीच राहू शकते, म्हणून डॉक्टरांना "झोपवायचं नाहीये, भीती कमी करायचीय" असं स्पष्ट सांगा. घरातल्या माणसांच्या गोळ्या नाहीत म्हणजे नाहीत, पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर मरू शकतं.

पंजे चाटणं, शिंका, डोळ्यांत पाणी

ही धूळ आहे, आणि धुळीतही सगळी धूळ सारखी नसते. ओलं सिमेंट खूप अल्कधर्मी असतं, पीएच १२ च्या वर, त्यावरून चाललं तर पंजाच्या गादीची कातडी भाजते, आणि लगेच कळत नाही, काही तासांनी लाल होऊन सोलायला लागते. पंजा सिमेंटमध्ये गेला तर भरपूर साध्या वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा, व्हिनेगर किंवा लिंबू लावून हिशेब बरोबर करायला जाऊ नका, आणि त्याला चाटू देऊ नका. कामाच्या दिवसांत संध्याकाळी चारही पंजे, बोटांच्या मधली जागासुद्धा, ओल्या फडक्याने पुसायची सवयच लावून घ्या.

टाइल कापताना पाणी सोडून कापायला सांगा आणि शक्य तर घराबाहेर. कोरड्या कटिंगमधून सिलिकाची बारीक धूळ उडते, ती माणसांच्या फुप्फुसांनाही वाईटच, मिस्त्रींनाही त्याचा फायदा आहे. झाडू मारला की बसलेली धूळ परत हवेत जाते आणि प्राणी जमिनीलगत श्वास घेतात, म्हणून ओल्या फडक्यानेच पुसायचं.

घर जुनं असेल आणि जुना ऑइल पेंट खरवडणार असाल तर मात्र प्राण्यांना (आणि लहान मुलांना) घरातून हलवाच. पूर्वीच्या रंगांमध्ये शिसं सर्रास असायचं, अमेरिकेत घरातल्या रंगांवर १९७८ साली बंदी आली, इतर बऱ्याच देशांत त्याहून खूप उशिरा. कोरड्या घासकामातून ती धूळ अंगावर बसते आणि प्राणी स्वतःला चाटून साफ करतात, म्हणजे सगळी पोटात. उलट्या, पोटदुखी, अशक्तपणा, झटके अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांना "जुना रंग खरवडलाय" हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

खाली पडलेले स्क्रू-खिळे संध्याकाळी चुंबक फिरवून उचला. गॅल्व्हनाइज्ड स्क्रू-नटवर जस्ताचा थर असतो, गिळला तर पोटातल्या आम्लात विरघळून रक्तातल्या लाल पेशी फुटायला लागतात. सुतारकामाचे काही पॉलियुरेथेन ग्लू त्याहून फसवे, कुत्र्यांना त्यांची चव आवडते आणि पोटात गेल्यावर ते फुगून घट्ट गोळा होतो जो ऑपरेशन करूनच काढावा लागतो. असं काही खाल्लं तर उलटी करवायला जाऊ नका, डबा हातात घ्या आणि डॉक्टरांकडे निघा. थिनर, टर्पेंटाइन चाटलं असेल तरी उलटी नाहीच, ते उलटताना फुप्फुसात जातं.

रंगाचे दिवस

वॉटर बेस्ड, लो व्हीओसी (हवेत उडणारी रसायनं कमी असलेले) रंग घ्या, वास कमी असतो, पण कमी म्हणजे शून्य नाही. रंग हाताला सुकला म्हणजे वायू बाहेर पडायचा थांबला असं नसतं, म्हणून रंग दिलेल्या खोलीत निदान दोन-तीन दिवस खिडक्या उघड्या आणि प्राणी बाहेर. पॉलिश, लॅकर, ऑइल पेंट असेल तर अजून जास्त.

अंगाला रंग लागला तर थिनर लावायचं नाही, कातडी भाजते आणि चाटल्यावर विष. वॉटर बेस्ड असेल तर ओला असतानाच कोमट पाणी आणि सौम्य साबण. ऑइल पेंट असेल तर खायचं तेल चोळून मऊ करायचा, फडक्याने पुसायचा, मग भांडी घासायच्या लिक्विडने तेल धुवायचं. वाळून खडा झाला असेल तर ते केस कापून टाका, ओढू नका. हे सगळं होईपर्यंत कोणीतरी त्याचं डोकं धरून ठेवायचं म्हणजे तो चाटणार नाही.

पक्षी असतील तर माझं मत अगदी सरळ आहे, रंगाच्या दिवसांत पक्षी त्या घरात नकोच. त्यांच्या श्वसनात फुप्फुसांबरोबर हवेच्या पिशव्या असतात आणि हवा एकाच दिशेने सतत वाहते, त्यामुळे हवेतलं विष ते आपल्यापेक्षा फार पटकन शोषतात. नवीन किचनमधला नवा ओव्हन पहिल्यांदा तापवतानाही तेच, नॉनस्टिक कोटिंग जास्त तापलं की त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत जाऊ शकतात.

माशांच्या टाकीत एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो हे लक्षात ठेवा. टाकी झाकायची आणि पंप दुसऱ्या स्वच्छ खोलीत ठेवून लांब नळी आणायची, फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन. पंप बंद करून टाकी झाकून ठेवली तर ऑक्सिजनच संपेल.

वाळवीच्या फवारणीआधी औषधाचं नाव विचारून डॉक्टरांना सांगा. परमेथ्रिन आणि त्या कुळातली बरीच औषधं मांजराच्या लिव्हरला नीट मोडता येत नाहीत, आणि टाकीतल्या माशांचा जीव जायला तर अगदी थोडंसंही पुरेसं.

प्राणी सापडत नाहीये

कामाच्या घरातून प्राणी निसटतो तो एकाच जागेतून, माणसांनी सामान आणताना उघडं टाकलेल्या दारातून. त्यामुळे बाहेरचं दार आणि प्राणी यांच्यामध्ये कायम दुसरं एक बंद दार पाहिजे. दारावर पाटी लावा, पण पाटीवर विसंबू नका, हातात फर्निचर असलेला माणूस पाटी वाचत नाही. सकाळी आलेल्या प्रत्येकाला तोंडाने सांगा, नवीन माणूस आला तर परत सांगा. कॉलरवर फोन नंबर, कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिच्याशी जोडलेला नंबर चालू आहे ना ते तपासा, चिपवर फक्त १५ आकडे असतात, तुमचं नाव-पत्ता नसतो, तो चिपच्या रजिस्ट्रीत (नोंदणी यादीत) असतो आणि तिथे जुना नंबर असेल तर चिपचा काही उपयोग नाही.

आणि दिसलं नाही की लगेच रस्त्यावर धावायच्या आधी घर बघा. मांजर बहुतेक वेळा आतच असतं. किचनच्या खालच्या कपाटांखाली जी मोकळी जागा असते आणि समोर पट्टी लावतात ना, ती पट्टी लावायच्या आधी तिथे मांजर शिरतं, अंधार, शांत, मागे भिंत, त्याला आणखी काय पाहिजे. सुतार येतो, पट्टी ठोकतो, जातो. मांजर ओरडत नाही, कारण घाबरलेलं मांजर आवाज करत नाही, तुम्ही नावाने हाक मारलीत तरी नाही. फॉल्स सीलिंग, भिंतीवरचे पॅनेल, डक्ट, बाथटबचा चौथरा, नवीन ड्रॉवरच्या मागची पोकळी, सगळीकडे हेच. म्हणून नियम एकच, कुठलीही पोकळी बंद करण्याआधी प्रत्येक प्राणी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, "खोलीतच असेल" चालणार नाही, आणि सुतारालाही सांगून ठेवायचं की मी हो म्हटल्याशिवाय ठोकू नका. मिस्त्रींच्या हत्यारांच्या पिशव्या आणि राडारोडा नेणारी गाडीसुद्धा निघायच्या आधी बघा.

तरी सापडत नसेल तर रात्री सगळे गेल्यावर, पंखे-फ्रिज बंद करून, त्याचा खाण्याचा डबा हळूच वाजवा आणि मग गप्प बसा, बराच वेळ. भिंतीला, पट्टीला कान लावा. नखांचा आवाज येतो.

घरी राहायचं की हलवायचं

सगळ्या खोल्यांची फरशी एकदमच निघणार असेल, सॉल्व्हंटवालं पॉलिश होणार असेल, प्राणी खूप म्हातारा, हृदयाचा किंवा फिट्सचा असेल, तर तेवढे दिवस हलवणंच बरं. कुत्र्यांना रोज दिवसभर दुसरीकडे आणि रात्री घरी हे बहुतेक वेळा जमतं. मांजरांना ही ये-जा कामापेक्षा जास्त त्रास देते, त्यांना हलवायचं तर एकदाच आणि काम संपेपर्यंत तिथेच.

काम संपलं, माणसं गेली, आणि आता परत

हा टप्पा लोक मोजतच नाहीत. घर शांत आहे, चकाचक आहे, आणि मांजर नव्या कपाटावर लघवीचा फवारा मारतंय. मांजर गाल घासून घराच्या कोपऱ्यांवर आपला वास सोडत असतं, आणि आपण तो वास भिंती-फर्निचरसकट फेकून दिलेला असतो. एक मऊ कोरडं फडकं त्याच्या गालांवर आणि हनुवटीखाली हलकेच फिरवा आणि नव्या फर्निचरच्या कोपऱ्यांना, मांजराच्या डोक्याच्या उंचीवर, रोज लावत राहा. फेरोमोन डिफ्युझर (मांजराच्या त्या वासासारखा कृत्रिम वास खोलीत सोडणारं यंत्र) काहींना उपयोगी पडतो, काहींना नाही. जुनं अंथरूण, जुना खाजवायचा खांब अजून टाकू नका, नव्या घरात शोभत नसला तरी. आणि पूर्ण घर एकदम उघडू नका, ठरलेली खोली तशीच ठेवून एकेक खोली जोडत जा.

कुत्रा नव्या हॉलमध्ये यायलाच तयार नसेल तर ती भीती नसून फरशी असू शकते. गुळगुळीत टाइल्सवर पंजे सरकतात, त्यातून म्हातारा किंवा कंबरेने अधू कुत्रा एकदा घसरला की परत त्या खोलीत पाय टाकत नाही. पंजांमधले वाढलेले केस आणि नखं कापा, त्याच्या झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत न सरकणाऱ्या चटयांचा सलग रस्ता करा, मध्ये एका पावलाचीही फट नको, आणि दोन-चार दिवस काही न बोलता त्याचं त्याला चालू द्या. तरीही पाऊल टाकताना अडखळत असेल, उठताना कण्हत असेल, तर दारावरचा तो कागद घेऊन सांध्यांच्या तपासणीला न्या.